ग्रंथालयीन ई-पुस्तक देवघेवीतील डिजिटल हक्क व्यवस्थापनाचा खर्च

ग्रंथालयातून ई-पुस्तके वाचकांना मुदतीने देण्यासाठी जी तांत्रिक कुलूपव्यवस्था वापरली जाते, तिला डिजिटल हक्क व्यवस्थापन किंवा संक्षेपाने डीआरएम असे म्हणतात. या व्यवस्थेमुळे ग्रंथालयावर पडणारा खर्च केवळ तंत्रज्ञानाच्या शुल्कापुरता मर्यादित नसतो. पुस्तक विकत घेण्याऐवजी ते ठरावीक मुदतीसाठी किंवा ठरावीक देवघेवींसाठी परवान्याने घ्यावे लागते आणि एकाच पुस्तकावर पुनःपुन्हा खर्च करावा लागतो. हा भार मंद गतीने फिरणाऱ्या पुस्तकांवर आणि लहान ग्रंथालयांवर तुलनेने अधिक पडतो. महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालये प्रामुख्याने शासकीय अनुदान व सभासदांची वर्गणी यांवर चालत असल्याने त्यांच्या दृष्टीने हा विषय विशेष महत्त्वाचा आहे.

संज्ञा व कार्यपद्धती

छापील पुस्तक एका वेळी एकाच वाचकाच्या हाती असते. ई-पुस्तकाची मात्र मूळ प्रतीइतकीच चांगली नक्कल क्षणात करता येते. ही नक्कल रोखण्यासाठी पुस्तकाची फाईल सांकेतिक रूपात बदलली जाते आणि ती उघडण्याची किल्ली वाचकाच्या उपकरणाला किंवा खात्याला स्वतंत्रपणे दिली जाते. किल्ली देणाऱ्या संगणकास परवाना सर्व्हर म्हणतात. पुस्तक किती दिवस उघडेल, किती उपकरणांवर उघडेल, त्यातील मजकूर छापता किंवा उतरवून घेता येईल का, या अटी किल्लीसोबत पाठवल्या जातात. मुदत संपली की फाईल उपकरणावर राहिली तरी उघडत नाही. ग्रंथालयाच्या दृष्टीने हीच पुस्तक परत आल्याची नोंद असते.

ग्रंथालयांत सर्वाधिक प्रचलित असलेली पद्धत ‘एक प्रत, एक वाचक’ या नावाने ओळखली जाते. ग्रंथालयाने एक परवाना घेतला असेल तर एका वेळी एकाच सभासदाला पुस्तक मिळते. इतरांना प्रतीक्षायादीत थांबावे लागते. म्हणजेच छापील प्रतीची मर्यादा तंत्राच्या साहाय्याने मुद्दाम निर्माण केली जाते. मात्र छापील प्रतीचे फायदे, म्हणजे कायमची मालकी, भेट म्हणून देण्याची मुभा आणि दुसऱ्या ग्रंथालयास उसनी देण्याची सोय, या व्यवस्थेत सहसा मिळत नाहीत.

खर्चाचे घटक

डीआरएमयुक्त देवघेवीचा खर्च पुढील घटकांत विभागता येतो.

परवाना शुल्क : हे प्रकाशकाला द्यावे लागते. परवाने चार प्रकारचे आढळतात: कायमस्वरूपी, मुदतबंद (उदा. दोन वर्षे), देवघेवींच्या संख्येने मर्यादित (उदा. २६ किंवा ५२ वेळा) आणि प्रत्येक देवघेवीमागे शुल्क आकारणारे. ग्रंथालयासाठीचा दर सामान्य ग्राहकाच्या दरापेक्षा अनेकदा कितीतरी अधिक असतो.

मंच शुल्क : पुस्तके, परवाना सर्व्हर आणि वाचन ॲप एकत्र पुरवणाऱ्या मध्यस्थ कंपनीला द्यावयाचे वार्षिक शुल्क. ग्रंथालयाने त्या वर्षी एकही नवे पुस्तक घेतले नाही तरी ते भरावे लागते.

मनुष्यबळ : सभासदांची खाती उघडणे, विसरलेले पासवर्ड बदलून देणे, नव्या मोबाईलवर पुस्तक का उघडत नाही याचा शोध घेणे, संपत आलेल्या परवान्यांवर लक्ष ठेवणे ही कामे ग्रंथपालाकडे येतात. छापील पुस्तकाच्या दाखल नोंदवहीत नोंद एकदाच होते. परवान्याची नोंद दर मुदतीला नव्याने तपासावी लागते.

स्थलांतराचा खर्च : एका कंपनीचा मंच सोडून दुसरीकडे जायचे ठरवल्यास पूर्वी घेतलेले परवाने सोबत नेता येतीलच असे नाही. हा खर्च कोणत्याही देयकात दिसत नाही, परंतु करार नूतनीकरणाच्या वेळी ग्रंथालयाची घासाघीस करण्याची ताकद तो कमी करतो.

वाचकाची गोपनीयता : परवाना तपासण्यासाठी वाचकाची माहिती सर्व्हरपर्यंत जाते. अडोबी डिजिटल एडिशन्स या वाचन प्रणालीची चौथी आवृत्ती वाचकांच्या वाचनाची माहिती असांकेतिक स्वरूपात कंपनीकडे पाठवत असल्याचे २०१४ मध्ये उघड झाले होते. ही प्रणाली अनेक देशांतील ग्रंथालयांचे सभासद वापरत असत.

मुदतबंद परवान्याचे गणित

अमेरिकेतील मॅकमिलन या प्रकाशनसंस्थेने ग्रंथालयांसाठी ‘दोन वर्षे किंवा ५२ देवघेवी’ अशी मर्यादा ठेवली होती आणि नव्या पुस्तकाचा दर ६० डॉलर होता. दोन वर्षांत १०४ आठवडे असतात. दोन आठवड्यांची एक देवघेव धरल्यास, पुस्तक एकही दिवस रिकामे न राहता फिरले तरच ५२ देवघेवी पूर्ण होतात. तसे झाल्यास प्रत्येक देवघेवीचा खर्च सुमारे १.१५ डॉलर पडतो. त्याच मुदतीत पुस्तक दहाच वेळा नेले गेले तर तो ६ डॉलर होतो आणि त्यानंतर पुस्तक संग्रहातून नाहीसे होते.

हेच गणित मराठी ग्रंथालयाच्या प्रमाणावर मांडता येते. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. ३०० रुपयांचे एक छापील पुस्तक वर्षाला ५ वेळा वाचकांकडे जाते असे मानू. दहा वर्षांत ५० देवघेवी होतात आणि प्रत्येक देवघेवीमागे खरेदीचा खर्च ६ रुपये पडतो. त्याच पुस्तकाचा ई-परवाना त्याच किमतीला, पण दोन वर्षांसाठी मिळाला, तर दहा वर्षांत तो पाच वेळा घ्यावा लागेल; एकूण खर्च १,५०० रुपये आणि देवघेवीमागे ३० रुपये. परवान्याचा दर छापील किमतीच्या तिप्पट असल्यास हाच आकडा ९० रुपयांवर जातो.

पुस्तक जितके कमी फिरते, तितका हा फरक वाढतो. वर्षाला २६ वेळा जाणाऱ्या लोकप्रिय कादंबरीच्या बाबतीत वरील दराने देवघेवीमागे फरक पाच रुपयांहून कमी राहतो. छापील प्रत झिजून दुसरी घ्यावी लागली तर तो आणखी घटतो. वर्षातून एकदाच मागितल्या जाणाऱ्या पुस्तकाच्या बाबतीत मात्र तो १२० रुपये होतो. छापील पुस्तकालाही बांधणी, कपाट, जागा, वाळवीपासून संरक्षण असे खर्च असतात, हे तुलना करताना लक्षात घ्यावे लागते. तरीही दोहोंत एक मूलभूत भेद उरतो. न मागितलेले छापील पुस्तक कपाटात राहते व दहा वर्षांनी आलेल्या अभ्यासकाला मिळते. न मागितलेल्या ई-पुस्तकाचा परवाना संपल्यावर, दोन वर्षांत दोनच देवघेवी झालेल्या पुस्तकाचे नूतनीकरण करावे का, असा प्रश्न ग्रंथपालासमोर येतो. निधी अपुरा असल्यास उत्तर बहुधा नकारार्थी असते. स्थानिक इतिहास, बोलीभाषांचे कोश, लहान प्रकाशकांचे कवितासंग्रह अशा पुस्तकांना याचा फटका सर्वप्रथम बसू शकतो.

महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालये

महाराष्ट्रात वाचनालयांची परंपरा जुनी आहे. पुणे नगर वाचन मंदिराची सुरुवात १८४८ मध्ये झाली. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ मध्ये स्थापन झाले. या संस्था टिकल्या याचे एक कारण त्यांच्या संग्रहाची मालकी त्यांच्याकडेच होती. देणगी म्हणून आलेली पुस्तके, बंद पडलेल्या नियतकालिकांचे अंक आणि दुर्मीळ दिवाळी अंक पिढ्यान्‌पिढ्या साठत गेले.

‘महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७’ या कायद्याने राज्यातील ग्रंथालयांना मान्यता व अनुदान देण्याची व्यवस्था निर्माण केली. ग्रंथालय संचालनालय या शासकीय विभागामार्फत मान्यताप्राप्त ग्रंथालयांची अ, ब, क आणि ड अशा वर्गांत विभागणी केली जाते व वर्गानुसार अनुदान मिळते. वर्ग ठरवताना ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, नियतकालिके इत्यादी बाबी विचारात घेतल्या जातात. राज्य शासनाने २०२२ मध्ये या अनुदानात ६० टक्के वाढ जाहीर केली. तत्पूर्वी अनेक वर्षे दर तेच राहिले होते.

ही संपूर्ण रचना मालकीच्या पुस्तकांवर उभी आहे. दाखल क्रमांक, वार्षिक ग्रंथगणना, गहाळ व जीर्ण पुस्तकांचे निर्लेखन या सर्व प्रक्रिया वस्तुरूप प्रतीच्या आहेत. मुदतबंद परवाना हा ग्रंथसंग्रहात वाढ मानावा की वीजबिलाप्रमाणे आवर्ती खर्च, हा प्रश्न हिशेबापुरता राहत नाही. आज परवान्यावर खर्च केलेली रक्कम पाच वर्षांनी ग्रंथसंख्येत दिसत नाही. त्यामुळे ई-पुस्तकांकडे वळणाऱ्या लहान ग्रंथालयाचा खर्च वाढत असतानाच संग्रह मात्र आहे तेवढाच राहू शकतो.

मराठी ई-पुस्तकांची किरकोळ विक्री बुकगंगासारख्या मंचांवर होते. ॲमेझॉनच्या किंडल मंचावर मराठीसह पाच भारतीय भाषांतील पुस्तके डिसेंबर २०१६ पासून मिळू लागली. किरकोळ विक्रीच्या अटी सामान्यतः व्यक्तिगत वाचनापुरत्या असतात. एका खात्यावर घेतलेले पुस्तक ग्रंथालयाने सभासदांना आळीपाळीने देणे त्यांत बसत नाही. किंडलवर ग्रंथालयाची पुस्तके वाचण्याची सोय अमेरिकेत २०११ मध्ये सुरू झाली, ती त्या देशातील ग्रंथालयांपुरतीच आहे. त्यामुळे मराठी सार्वजनिक ग्रंथालयापुढे केवळ परवाना महाग असण्याची अडचण नसते; हवे असलेले पुस्तक देवघेवीच्या परवान्याने उपलब्धच नसणे ही त्याआधीची अडचण असते.

महापे व नवी मुंबई

नवी मुंबईतील महापे हा भाग महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या ट्रान्स-ठाणे क्रीक, अर्थात टीटीसी औद्योगिक क्षेत्रात मोडतो. छापील पुस्तक आणि ई-पुस्तक या दोन्ही व्यवस्थांचा पायाभूत उद्योग येथे शेजारी शेजारी आढळतो. मुद्रण व पुस्तकनिर्मिती क्षेत्रातील रिप्रो इंडिया ही कंपनी महापे येथून काम करत आली आहे. मागणीनुसार मुद्रण, म्हणजे मागणी येईल तशी अगदी एकेक प्रत छापून देणे, हे या कंपनीचे एक कार्यक्षेत्र आहे. दुसरीकडे, महापे व लगतच्या रबाळे परिसरात मोठी डेटा सेंटर उभी राहिली आहेत.

या दोन उद्योगांतील फरकातून प्रस्तुत विषयातील खर्चाचे स्वरूप समजू शकते. छापखान्यातून बाहेर पडलेल्या प्रतीचा निर्मितीखर्च एकदाच होतो. त्यानंतर छापखाना बंद पडला तरी प्रत वाचता येते. परवाना सर्व्हर मात्र वीज, शीतकरण, देखभाल व सुरक्षा यांसह अखंड चालू ठेवावा लागतो आणि तो बंद पडल्यास त्यावर अवलंबून असलेली कुलूपबंद पुस्तके उघडत नाहीत. मागणीनुसार मुद्रणामुळे मंद गतीने खपणारी पुस्तके छापील स्वरूपात उपलब्ध ठेवणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. त्यामुळे कमी मागणीच्या पुस्तकासाठी ई-पुस्तक हाच स्वस्त पर्याय असतो असे प्रत्येक वेळी म्हणता येत नाही.

महापेपासून जवळच, ऐरोली येथील भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकात नवी मुंबई महानगरपालिकेने ग्रंथालय उभारले आहे. अशा महापालिकांच्या ग्रंथालयांना आणि गावातील ‘ड’ वर्ग वाचनालयांना एकाच दराने परवाने घ्यावे लागल्यास दोहोंच्या आर्थिक क्षमतेतील अंतर वाचकांना मिळणाऱ्या सेवेतही उतरते.

भारतीय कायद्यातील स्थिती

‘प्रताधिकार अधिनियम, १९५७’ च्या कलम १४ नुसार साहित्यकृतीच्या प्रती लोकांना वितरित करण्याचा हक्क प्रताधिकारधारकाचा असला, तरी आधीच चलनात आलेल्या प्रती त्यातून वगळल्या आहेत. म्हणूनच विकत घेतलेले छापील पुस्तक सभासदांना देण्यासाठी ग्रंथालयाला कोणाची परवानगी लागत नाही. ई-पुस्तकाच्या बाबतीत ग्रंथालयाकडे चलनातील प्रत नसून कराराने मिळालेला परवाना असतो आणि देवघेवीच्या अटी त्या करारातून ठरतात.

२०१२ च्या दुरुस्तीने या अधिनियमात कलम ६५-अ समाविष्ट झाले. हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण भेदल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंडाची तरतूद त्यात आहे. मात्र अधिनियमाने स्पष्टपणे मनाई न केलेल्या हेतूसाठी केलेली कृती या कलमाखाली येत नाही. त्याच दुरुस्तीने कलम ५२ मध्ये ग्रंथालयांना एक मुभा मिळाली: ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या कृतीची अ-डिजिटल प्रत असल्यास जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवता येते. मूळ प्रतच कुलूपबंद ई-पुस्तक असेल तर ही मुभा उपयोगी पडत नाही. शिवाय, कायद्याने मान्य केलेल्या कामासाठी कुलूप उघडून देण्याचे बंधन प्रकाशकावर घातलेले नाही. परिणामी कायद्याने दिलेली सवलत तंत्रामुळे अप्राप्य राहू शकते.

दृष्टिबाधित वाचकांच्या बाबतीत हा विरोधाभास अधिक ठळक होतो. भारताने मराकेश करार २०१४ मध्ये सर्वप्रथम मान्य केला आणि कलम ५२ नुसार अपंग व्यक्तींसाठी सुगम्य स्वरूपातील प्रती तयार करता येतात. परंतु मजकूर उतरवून घेण्यास किंवा मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रणालीस अटकाव करणारे कुलूप असल्यास अशी प्रत बनवण्यासाठी वेगळे श्रम व खर्च करावे लागतात. ‘सुगम्य पुस्तकालय’ हा २०१६ मध्ये सुरू झालेला ऑनलाईन संग्रह अशा वाचकांना सुगम्य पुस्तके पुरवतो.

‘पुस्तके व वृत्तपत्रे (सार्वजनिक ग्रंथालये) प्रदान अधिनियम, १९५४’ नुसार प्रकाशित पुस्तकाच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांना विनामूल्य द्याव्या लागतात; मुंबईतील एशियाटिक सोसायटीच्या वास्तूतील मध्यवर्ती ग्रंथालय हे त्यांपैकी एक आहे. ही तरतूद छापील प्रकाशनांच्या काळातील असून तिच्या व्याख्येचा रोख मुद्रित पुस्तकाकडे आहे. केवळ ई-स्वरूपात निघणाऱ्या मराठी पुस्तकाच्या सार्वजनिक जतनाची हमी त्यामुळे मिळत नाही.

इतर देशांतील घडामोडी

हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने २०११ मध्ये ग्रंथालयीन ई-पुस्तकांवर २६ देवघेवींची मर्यादा घातली, तेव्हा अमेरिकेतील ग्रंथपालांनी मोठा विरोध केला. पेंग्विन रँडम हाऊसने २०१८ मध्ये आणि हॅशेटने २०१९ मध्ये कायमस्वरूपी परवान्यांऐवजी दोन वर्षांच्या परवान्यांचा अवलंब केला. मॅकमिलनने १ नोव्हेंबर २०१९ पासून नव्या पुस्तकाच्या पहिल्या आठ आठवड्यांत प्रत्येक ग्रंथालय व्यवस्थेस एकच प्रत देण्याचे धोरण लागू केले. ग्रंथालयांच्या बहिष्कारानंतर मार्च २०२० मध्ये ते मागे घेण्यात आले.

मेरिलँड राज्याने २०२१ मध्ये ग्रंथालयांना वाजवी अटींवर ई-पुस्तके देणे बंधनकारक करणारा कायदा केला, परंतु तो संघराज्याच्या प्रताधिकार कायद्याशी विसंगत असल्याचे सांगून न्यायालयाने २०२२ मध्ये तो रद्दबातल ठरवला. युरोपीय न्यायालयाने मात्र नोव्हेंबर २०१६ मध्ये नेदरलँड्समधील ग्रंथालयांशी संबंधित प्रकरणात ‘एक प्रत, एक वाचक’ पद्धतीची ई-देवघेव विशिष्ट अटींवर छापील देवघेवीसारखीच मानता येईल असा निर्णय दिला. छापील पुस्तकांच्या डिजिटल प्रती नियंत्रित पद्धतीने वाचकांना देणाऱ्या इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेविरुद्धचा निकाल अमेरिकेच्या अपील न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये कायम केला.

सर्व्हर बंद पडल्यावर काय होते याचे उदाहरण मायक्रोसॉफ्टने घालून दिले. कंपनीने २०१९ मध्ये आपले ई-पुस्तक विक्री दालन बंद केले. ग्राहकांना पैसे परत मिळाले, पण विकत घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली.

प्रकाशक व लेखकांची बाजू

प्रकाशकांच्या मते ई-पुस्तक झिजत नाही, फाटत नाही आणि ते आणण्यासाठी वाचकाला ग्रंथालयात जावे लागत नाही. त्यामुळे कायमस्वरूपी परवाना दिल्यास एकच विक्री अनेक वर्षांच्या विक्रीची जागा घेऊ शकते. छोट्या बाजारपेठेतील मराठी प्रकाशकाला ही भीती अधिक वाटणे स्वाभाविक आहे, कारण लोकप्रिय मराठी पुस्तकांच्या अनधिकृत पीडीएफ प्रती समाजमाध्यमांवरून सर्रास फिरतात. मात्र अशा बऱ्याच प्रती छापील पुस्तक स्कॅन करून तयार होतात आणि त्यांना डीआरएम रोखू शकत नाही.

लेखकाच्या मोबदल्याचा प्रश्न अन्य मार्गानेही सोडवता येतो. ब्रिटनमध्ये १९७९ च्या कायद्याने ग्रंथालयातील देवघेवीबद्दल लेखकांना सरकारी निधीतून मानधन मिळते आणि जुलै २०१८ पासून त्यात ई-पुस्तकांचाही समावेश झाला. भारतात असा सार्वजनिक देवघेव हक्क अस्तित्वात नाही.

पर्याय

खर्च कमी करणारे काही मार्ग वापरात आहेत. फाईलला कुलूप न लावता तीत खरेदीदाराची खूण उमटवणे यास जलचिन्ह पद्धत म्हणतात. ती विक्रीसाठी उपयुक्त असली तरी मुदतीने परत घेण्याच्या देवघेवीस पुरेशी नाही. रीडियम एलसीपी ही खुल्या मानकांवर आधारित कुलूपव्यवस्था पॅरिसमधील ईडीआरलॅब ही संस्था चालवते. एकाच कंपनीच्या ॲपवर अवलंबून न राहता वेगवेगळ्या ॲपमध्ये पुस्तक उघडावे हा तिचा हेतू आहे. अनेक ग्रंथालयांनी एकत्र येऊन सामायिक खरेदी करणे हा आणखी एक मार्ग आहे. भारतात ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ या योजनेने सुमारे १३,००० संशोधनपत्रिकांसाठी तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपयांची तरतूद करून हे तत्त्व उच्च शिक्षणात लागू केले. सार्वजनिक ग्रंथालयांतील सामान्य वाचनाची ई-पुस्तके तिच्या कक्षेत येत नाहीत.

कुलूपविरहित मराठी साहित्यही उपलब्ध आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली आहेत. ई-साहित्य प्रतिष्ठान मराठी ई-पुस्तके वाचकांना मोफत देते. प्रताधिकार संपलेली पुस्तके मराठी विकिस्रोतावर वाचता येतात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी साहित्यकृती सार्वजनिक अधिक्षेत्रात येते. ही पुस्तके ग्रंथालयांना परवाना शुल्काविना आपल्या संगणकावर साठवता व वाचकांना देता येतात. समकालीन मराठी साहित्याची गरज मात्र त्यांतून भागत नाही. त्यासाठी प्रकाशक व ग्रंथालये यांच्यातील करारांत कायमस्वरूपी परवाना, दुसऱ्या मंचावर स्थलांतराची मुभा आणि जतनासाठी एक कुलूपविरहित प्रत या बाबी असणे महत्त्वाचे ठरते. त्या नसल्यास परवान्यावरील खर्च थांबताच त्यातून उभा राहिलेला संग्रहही संपतो.